कोळसुंदा : बोलण्यातला आणि रानातला

(द्वितीय वर्ष, कला)

जगातील बहुतेक भाषांच्या कथावाङ्मयात एखादा तरी भयंकर कुत्रा बसलेला आढळतो. ग्रीकांच्या पाताळाच्या दारात तीन डोक्यांचा सर्बेरस आहे. आपल्या ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवर चार-चार डोळ्यांचे दोन कुत्रे राखण करतात. इंग्रज लेखक टोल्किन याच्या १९३७ सालच्या 'द हॉबिट' या पुस्तकात 'वार्ग' नावाचे दुष्ट लांडगे आहेत. ते आपसांत बोलतात आणि प्रसंगी दुष्ट स्वारांना पाठीवर घेतात. या वार्गांची पिलावळ आता संगणकावरच्या खेळांतही शिरली आहे, आणि पाठ्यपुस्तकातील धडा ज्यांना आठवत नाही अशा कितीतरी मित्रांना ती नावानिशी ठाऊक आहे. कॉनन डॉइलच्या कादंबरीतला, बास्करव्हिल घराण्याच्या मागे लागलेला, तोंडातून ज्वाळा निघणारा कुत्रा तर सर्वांना माहीत असेलच. कथेच्या शेवटी तो कुत्रा साधाच निघतो. मोठा असतो, पण साधा. त्याच्या तोंडाला फॉस्फरस चोपडलेले असते.

या सगळ्यांकडे एकत्र पाहिले म्हणजे एक गंमत ध्यानात येते. कुत्र्याचा राक्षस करायचा तर त्याचे सगळेच बदलावे लागत नाही. एखादीच गोष्ट वाढवली की पुरते. ग्रीकांनी डोकी वाढवली, वेदकाळच्या कवींनी डोळे वाढवले, टोल्किनने अंग आणि अक्कल वाढवली, डॉइलने आग लावून दिली. आणि जी गोष्ट वाढवली जाते तीवरून त्या लोकांच्या मनात काय चालले होते, याचा थोडाफार अंदाज बांधता येतो. यमाच्या दारातून नजर चुकवून कोणी परत येत नाही, म्हणून त्याच्या कुत्र्यांना डोळे जास्त.

प्रस्तुत लेखाचा विषय असलेला कुत्रा आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरचा आहे. त्याला डोकी जास्त नाहीत, डोळे जास्त नाहीत, आणि अंगाने तर तो गावठी कुत्र्याएवढाच आहे. आपल्या लोकांनी वाढवले आहे ते त्याचे मूत. वाचकांनी नाक मुरडू नये. विषय गंभीर आहे.

फणसाडच्या रानाला लागून असलेल्या गावांत मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलो. कोळसुंदे कळपाने हिंडतात. वाघ दिसला की ते पळत नाहीत. ते आधी झुडपांवर मुततात. वाघ त्या झुडपांतून गेला की ते मूत त्याच्या डोळ्यांत जाते आणि वाघ आंधळा होतो. मग सगळे मिळून त्याला फाडतात. दुसऱ्या एका पाठात कोळसुंदा आपली झुपकेदार शेपटी मुतात भिजवतो आणि वाघाच्या तोंडावर फटकारतो. तिसरा पाठ असा, की वाघ जीव घेऊन झाडावर चढतो, कोळसुंदे खाली वेढा घालतात, झाडाचे खोड भिजवून ठेवतात, आणि त्या उग्र वासाने डोळे चुरचुरून वाघ पक्व फळासारखा खाली पडतो. कोळसुंदा ज्या रानात आला त्या रानातून वाघ निघून जातो, ही या सर्व पाठांची एकवाक्यता.

ही समजूत फक्त आमच्या दोन-चार गावांची आहे असे मी समजत होतो. ग्रंथालयात वाचू लागलो तेव्हा कळले, की एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनीही देशी लोकांच्या तोंडून हीच गोष्ट टिपून ठेवली आहे, आणि ती हिंदुस्थानातल्या अनेक प्रांतांत सांगितली जात होती. तेव्हा आमच्या किनाऱ्याचा तीवर एकट्याचा हक्क नाही. तथापि आमच्याकडे तिचे एक वैशिष्ट्य आहे. आमच्या किनाऱ्यावर आज पट्टेरी वाघ नाही. येथे 'वाघ' म्हणतात तो बहुधा बिबट्या असतो. खऱ्या वाघाला 'ढाण्या वाघ' असे वेगळे नाव घ्यावे लागते. म्हणजे ज्याला आंधळा करायचा तो वाघ केव्हाच गेला, आणि त्याला आंधळा करणारा मात्र बोलण्यात शिल्लक राहिला.

आता नावाविषयी थोडे. कोळसुंदा, कोळशिंदा, कोळसून अशी त्याची रूपे आढळतात. शहाण्या मराठीत त्यास रानकुत्रा म्हणतात. 'सुणें' म्हणजे कुत्रा, हा शब्द जुन्या मराठीत आहे आणि कोकणीत आजही रोजच्या वापरातला आहे. कोल्ह्यासारखे सुणें ते कोळसून, असे मला वाटते. अंतिम निवाडा भाषाशास्त्र शिकविणाऱ्या सरांवर सोपवतो. आमच्याकडे काहीजण त्याचा संबंध कोळशाशी जोडतात, कारण त्याची शेपटी काळी. इंग्रजीत या प्राण्याला 'ढोल' म्हणतात आणि तो शब्द कोठून आला याचा नीट पत्ता लागलेला नाही. आपल्याला ढोल माहीत आहे तो शिमग्यात वाजतो तोच.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ साली दख्खनमधील सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडली. तीत त्याने या कुत्र्याला 'कॅनिस दखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा कुत्रा, असे शास्त्रीय नाव दिले. त्याच्या आधीच, १८११ साली, पालास नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने उत्तर आशियातल्या नमुन्यावरून त्याचे 'कॅनिस अल्पिनस' असे नामकरण केलेले होते. शास्त्रात जुने नाव टिकते, या नियमाने आज तो 'क्युऑन अल्पिनस' म्हणून ओळखला जातो. तरीसुद्धा दख्खनचे नाव त्याला चिकटले ते चिकटलेच. चिकटवले कोणी, तर एका मोठ्या कथाकाराने.

रडयार्ड किपलिंग ३० डिसेंबर १८६५ रोजी मुंबईत जन्मला. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवीत. 'जंगल बुक' आणि 'सेकंड जंगल बुक' ही पुस्तके मात्र त्याने अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यात बसून लिहिली. सिवनीच्या रानाविषयीची त्याची पुष्कळशी माहिती इतरांच्या पुस्तकांतून आलेली होती. १८९५ च्या 'सेकंड जंगल बुक'मध्ये 'रेड डॉग' नावाची कथा आहे. मोगलीच्या लांडग्यांच्या मुलखावर दख्खनकडून तांबड्या कुत्र्यांची टोळी चालून येते. थोडीथोडकी नव्हे, दोनशे. त्यांच्या वाटेतून वाघदेखील बाजूला होतो, आपली शिकार त्यांना सोडून देतो. एक जखमी लांडगा येऊन सांगतो, की त्यांनी माझी मादी आणि पिल्ले मारली. मग मोगली का नावाच्या अजगराच्या सल्ल्याने झाडावर बसून त्या टोळीला चिडवतो, नायकाची शेपूट कापतो, त्यांना आपल्या मागे धावायला लावून मधमाश्यांच्या कड्यावरून वैनगंगेत उडी घेतो. निम्मे कुत्रे माश्यांनी आणि पाण्याने मरतात, उरलेल्यांना लांडगे मारतात. म्हातारा अकेला याच लढाईत पडतो.

कथा म्हणून ती जबरदस्त आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मी ती एका बैठकीत वाचली. पण वाचून झाल्यावर मनात एक खडा राहिला. किपलिंगच्या लांडग्यांना कायदा आहे, सभा आहे, आई आहे, म्हातारपणाचा मान आहे. तांबड्या कुत्र्यांना यांतले काही नाही. त्यांच्यातल्या कोणाला नाव नाही. ते फक्त येतात आणि मारले जातात. कथा संपते तेव्हा एकही परत गेलेला नसतो, आणि वाचकाला त्याचे समाधान वाटावे अशीच तिची रचना आहे.

ही किपलिंगच्या एकट्याच्या डोक्यातून निघालेली गोष्ट नव्हे. त्या काळच्या साहेब शिकाऱ्यांचे मत तसेच होते. हरिण, सांबर, चितळ हे शिकाऱ्याला हवे. रानकुत्रा तेच खातो. रानकुत्र्यांचा कळप एखाद्या खोऱ्यात शिरला की काही दिवस सारी जनावरे बिथरतात, पांगतात, आणि महिना-महिना तयारी करून आलेल्या साहेबाला बंदूक खांद्यावर टाकून परत जावे लागते. याहून मोठा गुन्हा कोणता! शिवाय त्याची मारण्याची रीत पाहवत नाही. वाघ-बिबट्या नरडे धरतात. रानकुत्रा बारा ते वीस किलोचा. त्याच्या जबड्यात सांबराची मान एका चाव्यात मोडण्याचे बळ नाही. म्हणून तो धावत्या जनावराला मागून, कुशीला, पोटाला धरतो, आणि सारे मिळून ते उभ्या उभ्या फाडतात. प्राण जाण्यापूर्वीच खाणे सुरू होते. हे पाहणाऱ्याने त्याला क्रूर म्हटले. वाघाच्या पकडीतही जनावराला गुदमरून मरायला काही मिनिटे लागतात, पण ते दृश्य जरा नीटनेटके असते आणि वाघाच्या कातड्याला दिवाणखान्यात जागा मिळते.

परिणाम असा झाला, की ब्रिटिश अमदानीत निरनिराळ्या प्रांतांत रानकुत्र्याच्या मुंडक्याला किंवा कातड्याला सरकारी इनाम लागले. गोळी, विष घातलेले मढे, बिळात शिरून पिल्ले मारणे, सारे उपाय झाले. इनाम घेणारे हात पुष्कळदा आपल्याच रानातल्या गरीब माणसांचे होते. पोट कोणाला चुकले आहे? इनाम देणारे सरकार गेले तरी ही पद्धत लगेच गेली नाही. स्वातंत्र्यानंतरही काही ठिकाणी ती चालू राहिली, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानकुत्र्याला संरक्षण मिळाले तेव्हा कोठे तिला आळा बसला. साइक्सची यादी १८३१ ची आणि कायदा १९७२ चा. या दरम्यानच्या एकशे एक्केचाळीस वर्षांत या कुत्र्याची बाजू मांडणारे फार थोडे निघाले.

येथे मला महाभारताचा आरंभ आठवतो. आदिपर्वात जनमेजय कुरुक्षेत्रात यज्ञ करीत असतो. तेथे सरमेचा, म्हणजे देवांच्या कुत्रीचा, पोर येतो. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे जातो. आई विचारते, तू काही अपराध केलास का? तो म्हणतो, मी हविर्भागाकडे पाहिलेदेखील नाही, चाटणे तर दूरच. तेव्हा सरमा यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. मग ती शाप देते, की ज्या अर्थी निरपराधाला मारलेत त्या अर्थी न दिसणारे भय तुमच्यावर येईल. आपण सारे महाभारताच्या शेवटी युधिष्ठिरामागून चालणाऱ्या कुत्र्याची गोष्ट सांगतो. प्रारंभी जाब विचारायला आलेल्या या कुत्रीची फारशी सांगत नाही. कुत्र्याच्या पोराने हवि चाटला असेलच, हे त्या राजपुत्रांनी त्याच्याकडे न पाहताच ठरवले होते. रानकुत्र्याच्या बाबतीत दुसरे काय झाले?

तेव्हा त्याच्याकडे पाहावे. डॉ. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७६ ते १९७८ या काळात कर्नाटकातील बंदीपूरच्या जंगलात रानकुत्र्यांच्या मागे हिंडून, मचाणावर बसून त्यांची दिनचर्या टिपली. त्यांच्या आणि त्यांच्यानंतर झालेल्या अभ्यासांतून जे चित्र उभे राहते ते असे. अंगाचा रंग तांबडा, शेपूट झुपकेदार आणि काळसर, कान गोलसर. साध्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात, याला चाळीसच. खालच्या जबड्यातली शेवटची दाढ दोन्हीकडे नसते. कळप साधारण पाच-दहा जणांचा, कधी वीस-पंचविसांचा. दोनशे केवळ पुस्तकात. तो दिवसा, विशेषतः सकाळी आणि सायंकाळी शिकार करतो. माणसाची चाहूल लागली की वाट सोडतो.

सर्वांत आश्चर्य वाटते ते त्यांच्या घराचे. एका कळपात बहुधा एकाच जोडीला पिल्ले होतात आणि बाकीचे सर्वजण ती वाढवतात. शिकारीला गेलेले परत येऊन पोटातले मांस ओकून पिल्लांना भरवतात. बिळापाशी राखणीला थांबलेल्यालाही देतात. पिल्ले जरा मोठी होऊन कळपाबरोबर हिंडू लागली म्हणजे मारलेल्या जनावरावर पहिला हक्क त्यांचा. मोठे बाजूला उभे राहून पहारा करतात, आणि पिल्लांचे झाले की तोंड लावतात. किपलिंगने जो कायदा लांडग्यांना बहाल केला तो या बिननावाच्या तांबड्या कुत्र्यांच्या घरी चालत होता. दोनशे कुत्रे मारताना त्याची त्याला कल्पना नसावी.

वाघ आणि रानकुत्रा यांचे नातेही असे आहे, की दोन्ही बाजूंच्या गोष्टीत थोडे थोडे खरे निघते. एकटादुकटा रानकुत्रा वाघाच्या तावडीत सापडला तर मरतो. बिबट्याला मात्र कळप झाडावर चढायला लावतो; अशा नोंदी पुष्कळ आहेत. मोठा कळप वाघालाही हैराण करतो. म्हणजे आमच्या तिसऱ्या पाठातले झाड आणि खालचा वेढा खरा आहे, फक्त वर बसलेला वाघ बहुधा बिबट्या असावा. कोकणात दोघांनाही वाघच म्हणतात, तेव्हा गोष्ट सांगणाऱ्याने खोटे सांगितले असेही म्हणता येत नाही.

राहिले मूत. त्याने वाघ आंधळा होत नाही, हे उघड आहे. पण ही कल्पना आली कोठून? रानकुत्रे आपल्या हद्दीच्या खुणा मुताने आणि लेंड्यांनी करतात. रानातल्या वाटा जेथे मिळतात अशा ठरावीक जागी सगळा कळप विष्ठा टाकतो. आणि काही वेळा रानकुत्रा मुतताना पुढच्या दोन पायांवर उभा राहतो, मागचे अंग वर उचलतो आणि धार शक्य तितक्या उंच झुडपावर सोडतो. हे मी पुस्तकात वाचले तेव्हा एकदम लख्ख उजाडल्यासारखे झाले. ज्या माणसाने पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली त्याने हे डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे. कुत्रा पुढच्या पायांवर उभा राहून उंच झुडूप भिजवतो आहे, हे घरात बसून सुचणारे नाही. एवढ्या खटपटीने उंच भिजवतो तो कशासाठी? उंच तोंडाच्या कोणासाठी तरी. ते तोंड कोणाचे? पुढचे अनुमान आपोआप येते. अनुमान चुकले, पण निरीक्षण पक्के होते. आमच्या घरात पुस्तके नव्हती, गोष्टी होत्या. त्या गोष्टींना 'अडाणी समजुती' असे नाव देऊन शिकलेली माणसे मोकळी होतात तेव्हा मला वाईट वाटते ते यासाठी. व्हर्माँटच्या टेबलावर तयार झालेल्या दोनशे कुत्र्यांपेक्षा आमचा मुतणारा कुत्रा रानाच्या अधिक जवळचा आहे.

आणखी एक तर्क मांडतो. तो कोणी खोडून काढला तर माझी हरकत नाही. शेतकरी माणसाला वाघाला हरवणारा एवढासा कुत्रा का आवडावा? आपल्या जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, आणि या कुलाबा जिल्ह्यात खोती होती. पिकवायचे कुळाने आणि धान्य न्यायचे खोताने. मुरूडकडे जंजिऱ्याच्या नबाबाचे राज्य. फणसाड हे त्याचे शिकारीचे राखीव रान होते, ज्याचे १९८६ साली अभयारण्य झाले. अशा मुलखात संध्याकाळी ओटीवर बसून माणसे सांगत, की एकटा कोळसुंदा म्हणजे काहीच नाही, पण दहा जमले तर वाघ आपले भक्ष्य टाकून जातो. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायच्या नाहीत असा संप पुकारला आणि तो सहा वर्षे चालला, डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. संपकऱ्यांच्या ओटीवर कोळसुंद्याची गोष्ट होत होती असा कोणताही पुरावा माझ्यापाशी नाही. पण साहेबाच्या गोष्टीत तांबडा कुत्रा मेला की ऐकणाऱ्याला बरे वाटते आणि आमच्या गोष्टीत तो जिंकला की बरे वाटते, एवढा फरक तर कोणीही पाहू शकेल. साहेबाने त्याचा राक्षस केला आणि त्याच्या डोक्यावर इनाम लावले. आमच्या लोकांनीही राक्षसच केला, पण त्याच्या मागे गेले नाहीत. उलट हिंदुस्थानात अनेक रानांत लोक कळपाने मारलेल्या सांबराजवळ आरडाओरडा करीत जातात, कुत्री जरा दूर सरतात, आणि माणसे मांसाचा वाटा घेऊन येतात. ज्याच्याकडून सागुती मिळते त्याचा फार तिरस्कार करता येत नाही.

आज जगात पिल्ले देऊ शकतील असे पूर्ण वाढलेले रानकुत्रे ९४९ ते २,२१५ यांच्या दरम्यान असावेत, असा आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाचा अंदाज आहे. त्या संघाच्या यादीत २००४ पासून तो 'संकटग्रस्त' आहे. आता त्याला बंदुकीपेक्षा दुसऱ्या गोष्टी भोवतात. खायला चितळ-सांबर उरलेले नाहीत, रानांचे तुकडे पडले आहेत, आणि गावातल्या कुत्र्यांचे रोग, म्हणजे रेबीज, डिस्टेंपर, त्याला लागतात. कळपाने राहण्याचाच येथे तोटा होतो, कारण एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागतो. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर, कोयना आणि चांदोलीच्या रानांत तो आहे. या दोन्ही रानांचा मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

या लेखासाठी मी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारीत हिंडलो. माझ्या आजीचे थोरले भाऊ तरुणपणी कोयनेच्या धरणाच्या कामावर मजुरीला गेले होते. त्यांना मी पुस्तकातले सगळे सांगितले, की मुताने वाघ आंधळा होत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मंग वाघ गेला कुठं?"

मी म्हणालो, "आजोबा, बंदुकीनं गेला. रान तोडून मुंबईला लाकूड नि कोळसा गेला, त्यात गेला." कुलाब्याच्या रानातला कोळसा आणि जळाऊ लाकूड गलबतांतून मुंबईला जात असे. वाघावरही रानकुत्र्यासारखे सरकारी इनाम होतेच. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांना ते पटले की नाही हे मला कळले नाही.

मग मी त्यांना शेवटचे विचारले. रानकुत्रा भुंकत नाही. दाट रानात कळप पांगला की एकमेकांना बोलावण्यासाठी तो शीळ घालतो, अगदी माणसासारखी. मायकेल फॉक्स या अभ्यासकाने १९८४ साली त्याच्यावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच 'शीळ घालणारे शिकारी' अशा अर्थाचे आहे. कुत्र्याच्या जातीत ही खरोखर अद्भुत गोष्ट आहे. तीन डोक्यांपेक्षाही अद्भुत. आणि आमच्या गोष्टीच्या एकाही पाठात तिचा उल्लेख नाही. तेव्हा मी विचारले, "आजोबा, कोयनेला तुम्ही कोळसुंदा ऐकलात का हो कधी?"

त्यांनी तोंडातले पान थुंकले, दोन्ही ओठ पुढे काढले आणि हलकी, तुटक, एकाच सुराची शीळ घातली. थोडे थांबून पुन्हा घातली. "असा," ते म्हणाले. "पहाटंचा. आम्हाला वाटायचं, मुकादम बोलावतोय."